स्कॉचची बाटली घेताना: वयाआधी टक्के आणि पीप वाचा

तिरफळ

दर थोड्या दिवसांनी इथे कोणीतरी विचारतं, "अमुक बजेटमध्ये कोणती सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, नुसत्या माल्ट केलेल्या बार्लीची व्हिस्की) घेऊ?" आणि खाली पंचवीस नावं पडतात. नावं पाठ करण्यापेक्षा लेबल वाचता आलं तर दुकानात उभं राहून स्वतःचं स्वतः ठरवता येतं, म्हणून हा धागा. (महाराष्ट्रात कायद्याने वय २५ लागतं. त्याखालच्यांनी चखण्याचा धागा वाचावा, तोही चांगला चाललाय.)

आधी कायदा, थोडक्यात. २००९ च्या नियमांप्रमाणे स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्येच गाळलेली, तिथेच ओकच्या पिपात किमान ३ वर्षं मुरलेली, पीप ७०० लिटरहून मोठं नाही आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. पाणी आणि साधं कॅरमल, म्हणजे रंगासाठीचं ई-१५०ए, एवढंच घालायची परवानगी. लेबलवरचं वय आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं. "रिझर्व्ह", "सिलेक्ट", "रेअर" या शब्दांची कायद्यात कुठलीही व्याख्या नाही. बाटलीवर छापायला बरे दिसतात, म्हणून छापतात.

आता टक्के. पिपात भरताना स्पिरिट साधारण ६३.५ टक्क्यांचं असतं. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत वर्षाला सुमारे २ टक्के माल उडून जातो आणि अल्कोहोलची तीव्रताही हळूहळू उतरते. १०-१२ वर्षांनी पिपातून निघते ती साधारण ५५ ते ६० टक्क्यांची. तशीच भरली की ती कास्क स्ट्रेंथ. बाकी सगळ्यांत पाणी असतं, प्रश्न फक्त किती याचा.

४६ हा आकडा बऱ्याच बाटल्यांवर दिसतो, त्यामागे कारण आहे. व्हिस्कीतले काही तेलकट घटक (लांब साखळीच्या फॅटी आम्लांचे एस्टर) ४६ च्या खाली आणि थंडीत विरघळलेले राहत नाहीत, व्हिस्की धुरकट दिसते. गिऱ्हाईक म्हणतं खराब आहे. म्हणून ४०-४३ वाल्या कंपन्या व्हिस्की शून्याच्या आसपास थंड करून गाळून घेतात. याला चिल फिल्ट्रेशन म्हणतात. गाळताना धुरकटपणाबरोबर जिभेवरचा भरीवपणाही थोडा जातो. ४६ किंवा वर भरली तर ही कटकट करावी लागत नाही. आर्डबेग १०, स्प्रिंगबँक १०, अ‍ॅरन १०, क्रेगेलाखी १३ या ४६ वर. बुनाहावन १२, डीनस्टन १२, टोबरमोरी १२ या ४६.३ वर.

हिशेबाची सोपी युक्ती: किमतीला टक्क्यांनी भागा. ७०० मिली ४० टक्के म्हणजे २८० मिली शुद्ध अल्कोहोल, ७०० मिली ४६.३ म्हणजे ३२४. पहिली ४० पौंडांना असेल तर दुसरी ४६ पौंडांना घेतली तरी भाव तोच पडतो. उरलेलं पाणी घरच्या नळाला येतं.

पिपांवर वेगळं लिहितो, ते प्रकरण मोठं आहे.

खारी बिस्किट

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका: आपल्याकडच्या बाटल्यांवर ४२.८ का असतं? ४३ किंवा ४० का नाही?

चौथी सीट

जुनी ब्रिटिश प्रूफ पद्धत. तिच्यात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, म्हणजे टक्क्यांना १.७५ ने गुणलं की प्रूफ. ७५ प्रूफ बरोबर ४२.८. साहेब गेला, ७५ मागे राहिलं. देशी व्हिस्की आणि भारतात बाटलीबंद होणाऱ्या स्कॉच, टीचर्स, १०० पायपर्स, व्हॅट ६९ वगैरे, त्यामुळेच ४२.८ वर येतात.

ग्लेनफार्क्लस १०५ चं नावही याच हिशेबातलं. १०५ प्रूफ म्हणजे ६० टक्के.

आणि तिरफळ यांची युक्ती पुढे नेली तर गंमत दिसते. ड्यूटी फ्रीची १ लिटरची ४० टक्केवाली बाटली म्हणजे ४०० मिली शुद्ध अल्कोहोल. ७०० मिलीची ५७.१ वाली म्हणजेही ४०० मिली. मोठी बाटली बघून हुरळून जाऊ नये.

मावळतीचा वारा

थोडा विरोध नोंदवतो. लागावुलिन १६ ही ४३ वर येते आणि ४६ वाल्या निम्म्या बाटल्यांना खाऊन टाकते. टक्के हा दर्जा नव्हे. पीप रद्दड असेल तर ६० टक्क्यांवर भरूनही लाकडाचा भुसाच प्यायचा. दारूच्या धाग्यांवर हल्ली "४६ खाली पिणार नाही" अशी सोवळी मंडळी वाढली आहेत.

शिवाय जुन्या व्हिस्कीला हा नियम लावताच येत नाही. ३०-३५ वर्षांच्या पिपातली तीव्रता आपोआपच ४५ च्या खाली आलेली असू शकते. ती ४३ वर असली तर तीच तिची कास्क स्ट्रेंथ. ४० च्या खाली घसरली की तिला स्कॉच म्हणून विकताच येत नाही, म्हणून मालक त्याआधीच पीप रिकामं करतो.

तिरफळ

लागावुलिनबद्दल पूर्ण सहमत. ४६ ही अट नाही, पण दोन अनोळखी बाटल्यांतून निवडताना तो आकडा बरंच सांगून जातो. ज्याने ४६ वर भरली आणि रंग घातला नाही, त्याने दोन ठिकाणी पैसे वाचवायची संधी सोडली आहे.

आता पिपं.

बर्बन बॅरल: सुमारे २०० लिटर. अमेरिकेत बर्बन (तिकडची मक्याची व्हिस्की) नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिपं ढिगाने निघतात आणि स्कॉटलंडला स्वस्तात मिळतात. व्हॅनिला, नारळ, मध, पिवळसर रंग.

हॉग्जहेड: सुमारे २५० लिटर. बरेचदा बर्बन बॅरलच्याच फळ्या सुट्या करून, जास्तीच्या फळ्या आणि नवी झाकणं लावून बांधलेलं.

शेरी बट: सुमारे ५०० लिटर. शेरी म्हणजे स्पेनची कडक वाइन. सुका मेवा, लवंग, संत्र्याची साल, गडद रंग. बर्बन बॅरलच्या अनेक पट महाग. इथे एक गैरसमज सगळीकडे आहे. पूर्वी शेरी पिपांतून जहाजाने ब्रिटनला जायची आणि रिकामी पिपं व्हिस्कीवाले उचलायचे. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरणं बंधनकारक झालं आणि तो पुरवठा आटला. आजचं "शेरी कास्क" म्हणजे व्हिस्कीवाल्यांनी मुद्दाम बनवून घेतलेलं नवं पीप, ज्यात ओलोरोसो किंवा पेद्रो हिमेनेझ जातीची शेरी दीड-दोन वर्षं भरून ठेवतात, पीप मुरलं की ओततात. ती शेरी प्यायला नव्हे, व्हिनेगर किंवा ब्रँडीला जाते. मुरलेल्या बरणीत पुढल्या साली काहीही घाला, लोणच्याचा वास येणारच. पीप त्यासाठीच मुरवायचं असतं.

खरा फरक पडतो तो फर्स्ट फिल की रिफिल यावर. फर्स्ट फिल म्हणजे त्या पिपात पहिल्यांदाच स्कॉच भरली आहे. लाकूड जोरात बोलतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत लाकूड गप्प होत जातं आणि डिस्टिलरीचा स्वभाव पुढे येतो. आयला या स्कॉटिश बेटावरच्या, धुराच्या चवीच्या व्हिस्कीला रिफिल हॉग्जहेड फार छान बसतं, कारण तिथे धूर ऐकायचा असतो, मनुके नव्हे. लेबलवर नुसतं "ओक कास्क" असेल आणि फिलचा पत्ता नसेल, तर ते रिफिल आहे असं धरून चाला.

पीप जितकं लहान तितका लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त. लफ्रॉइग क्वार्टर कास्कमध्ये शेवटचा मुक्काम सुमारे १२५ लिटरच्या पिपात असतो, म्हणून वय न छापताही ती ओकाने भरलेली लागते.

अंगतपंगत

फिनिशबद्दल लिहा ना. "पोर्ट फिनिश", "रम फिनिश", हल्ली तर टकिला. हे कितपत खरं असतं?

मावळतीचा वारा

खरं असतं, पण किती याला धरबंध नाही. फिनिश म्हणजे मुरलेली व्हिस्की शेवटी दुसऱ्या पिपात ठेवणं. तो किती महिने असावा याची किमान मुदत कायद्यात नाही. चलन सहा महिने ते दोन वर्षं. बालव्हेनी डबलवूड १२ आधी बर्बनमध्ये मुरते आणि मग साधारण नऊ महिने शेरी पिपात. तिथे ते प्रामाणिकपणे सांगतात.

टकिलाची पिपं २०१९ पर्यंत चालत नसत. त्या वर्षी तांत्रिक नियम सैल झाले, तेव्हापासून टकिला, मेझकाल, काल्वादोस, जपानी शोचू यांची पिपं वापरता येतात. म्हणून गेल्या काही वर्षांत अचानक एवढे प्रकार दिसू लागले.

फिनिश कुठे फसतो? तीन ठिकाणी. एक, मूळ व्हिस्की कोवळी आणि थकलेल्या पिपातली असते, तिच्यावर वाइनचा जाड थर चढवतात. पहिला घोट गोड, मग मधे काहीच नाही, शेवटी तुरट. दोन, रेड वाइनच्या पिपात जास्त दिवस राहिली तर टॅनिन (वाइनमधला तुरट घटक) एवढं चढतं की तोंड कोरडं पडतं, पाणी घातलं तरी जात नाही. तीन, गंधक. पीप जंतूंपासून वाचवायला आत गंधकाची मेणबत्ती जाळतात, ते नीट गेलं नाही तर विझलेल्या काडीचा किंवा रबराचा वास येतो. शेरी पिपांत हे जास्त आढळतं. काहींना तो वास येतच नाही, काहींना बाटली उघडताक्षणी येतो. थोडा असेल तर ग्लास वीस मिनिटं उघडा ठेवून बघा. तरी राहिला तर राहिला, बाटलीत तो कमी होत नाही.

खारी बिस्किट

आणि रंग? गडद म्हणजे शेरी असं दुकानदार ठामपणे सांगतात.

चौथी सीट

दुकानदाराला स्टॉक काढायचा असतो, ताई. ई-१५०ए मुळे रंगावर काडीचा भरवसा ठेवता येत नाही. लेबलवर "नॅचरल कलर" लिहिलं असेल तरच रंगाकडे बघा.

एक चोरवाट: जर्मनीत रंग घातला असेल तर तसं छापणं बंधनकारक आहे, "मिट फार्बश्टोफ" (रंगासह) असं. म्हणून बाटलीबद्दल शंका असेल तर तीच बाटली एखाद्या जर्मन ऑनलाइन दुकानात शोधा आणि तपशिलात तो शब्द आहे का बघा. भाषा येत नसली तरी तेवढं कळतं.

सिंगल कास्क, म्हणजे एकाच पिपातून भरलेल्या, बाटलीवर आणखी एक तपासणी करता येते. वर किती बाटल्या निघाल्या तो आकडा असतो. वर्षाला २ टक्के घट धरली तर १० वर्षांनी पिपात सुमारे ८२ टक्के उरतं. कास्क स्ट्रेंथला ७०० मिलीच्या बाटल्या भरल्या तर:

बर्बन बॅरल २०० लिटर → साधारण २३० बाटल्या
हॉग्जहेड २५० लिटर → साधारण २९०
बट ५०० लिटर → साधारण ५८०

आता लेबल म्हणतं "शेरी बट, १० वर्षं, २९० बाटल्या". मग एकतर तो पिपाचा अर्धाच हिस्सा आहे, किंवा व्हिस्की हॉग्जहेडमध्ये मुरून शेवटी बटमध्ये ओतली गेली. दोन्हींत गैर काही नाही, पण दहा वर्षं शेरीत मुरल्याचे पैसे मागत असतील तर विचारून घ्यावं. बाटल्या ५० च्या आसपास टक्क्यांवर भरल्या असतील तर आकडा वाढतो, तेवढं जमेस धरा.

तिरफळ

मस्त. हा हिशेब मूळ धाग्यात जायला हवा.

आता भाव. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२५ ला स्पिरिटवर ड्यूटी झाली होती शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ३२.७९ पौंड. त्या दराने ७०० मिलीच्या बाटलीवर:

४० टक्के: ९.१८ पौंड
४६ टक्के: १०.५६ पौंड
६० टक्के: १३.७७ पौंड

यावर २० टक्के व्हॅट वेगळा. ४० आणि ४६ मधला करांचा फरक व्हॅट धरून १ पौंड ६५ पेन्स. कंपनी "आता ४६ वर आणली" म्हणून ८-१० पौंड वाढवत असेल तर त्यातला फारच थोडा भाग सरकारचा आहे. थोडी व्हिस्की जास्त जाते ते खरं, पण तेवढी नाही.

उलट ३५ पौंडांची ४० टक्केवाली बाटली घ्या. व्हॅट ५.८३, ड्यूटी ९.१८, मिळून १५ पौंड. उरलेल्या २० मध्ये व्हिस्की, काच, बूच, खोका, वितरक, दुकान. ७० पौंडांच्या बाटलीवर ड्यूटी तेवढीच, ९.१८. म्हणून ब्रिटनमध्ये स्वस्त बाटलीत कराचा वाटा जास्त आणि मधल्या पट्ट्यात पैशाला जास्त व्हिस्की मिळते. स्कॉटलंडमध्ये तर ३० सप्टेंबर २०२४ पासून युनिटला (१० मिली शुद्ध अल्कोहोलला) ६५ पेन्स किमान भाव आहे. ४० टक्क्यांच्या ७०० मिलीत २८ युनिट, म्हणजे १८.२० पौंडांखाली विकताच येत नाही.

वयाचा भाव हे आणखी एक कोडं. १२ वर्षांनी पिपात सुमारे ७८ टक्के उरतं, १८ वर्षांनी ६९-७०. म्हणजे हवेत गेलेला माल १२ वरून १८ ला जाताना फार तर तेरा टक्क्यांनी महाग करतो. बाजारात मात्र १८ वाली १२ च्या अडीच-तीन पट असते. बाकीचं काय? सहा वर्षं अडकलेलं भांडवल, गोदामभाडं, आणि मुख्य म्हणजे १८ वर्षांपूर्वी आजच्या मागणीचा अंदाज घेऊन कोणी पिपं भरली नव्हती. टंचाईचा भाव चवीच्या भावात मिसळलेला असतो. म्हणून १५ वर्षांची ४६ वाली, उदाहरणार्थ ग्लेनफार्क्लस १५, ही १८ च्या ४० वालीपेक्षा मला केव्हाही चोख सौदा वाटतो.

अंगतपंगत

हे सगळं साहेबाच्या देशात. आपल्याकडचं सांगा. पुण्यात दुकानात गेलं की हेच गणित उलटं होतं असं वाटतं.

चौथी सीट

उलटंच होतं. तिकडची ड्यूटी अल्कोहोलवर, आपली कस्टम्स किमतीवर. आयात स्कॉचवर १५० टक्के हा दर वर्षानुवर्षं होता. १,००० रुपयांची बाटली बंदरात २,५०० ची होते, ३,००० ची ७,५०० ची. त्यावर राज्याची अबकारी आणि विक्रीकर, कारण दारू जीएसटीत नाही. त्यामुळे मूळची महाग बाटली इथे रुपयांत भयंकर उडते. जास्त टक्क्यांना कस्टम्स वेगळा दंड लावत नाही, लावते किमतीला.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरची अबकारी ३०० टक्क्यांवरून १५० वर आणली. त्याआधी लोक दिल्ली-गोव्याहून बाटल्या मागवायचे, ते प्रमाण कमी झालं. (गोव्याहून आणायची तर परवाना लागतो. नाक्यावर बॅग उघडतात.) ब्रिटनशी व्यापार करार जुलै २०२५ मध्ये सह्यांपर्यंत पोचला. त्यात १५० चे ७५ आणि मग दहा वर्षांत ४० असा उतार लिहिलेला आहे. पण कस्टम्स अर्धी झाली म्हणजे एमआरपी अर्धी होत नाही, राज्याचा कर आणि वितरकाचं मार्जिन त्यात बसलेलं असतं.

दुकानात बीआयओ आणि बीआयआय हे शब्द ऐकू येतात. बीआयओ म्हणजे तिकडे बाटलीबंद, बीआयआय म्हणजे मोठ्या टाक्यांतून आणून इथे भरलेली. सिंगल माल्ट स्कॉच २०१२ च्या नोव्हेंबरपासून स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते, म्हणून बीआयआय सिंगल माल्ट असा प्रकारच नाही. कोणी विकत असेल तर सरळ बाहेर पडा.

मावळतीचा वारा

आणि इथल्या भावात इथलीच माल्ट का बघू नये? पॉल जॉनच्या गोव्याच्या ब्रिलियन्स, एडिटेड, बोल्ड या तिन्ही ४६ वर. बंगळूरची अमृत फ्यूजन ५० वर, भारतीय आणि स्कॉटिश पीटवाली (पीटच्या धुरावर सुकवलेली) अशा दोन बार्लींची. वय छापत नाहीत कारण आपल्या उकाड्यात वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास माल उडतो. तिकडची बारा वर्षं इथे मोजून उपयोग नाही, बारा वर्षांत पिपात तळच उरेल. ४० टक्क्यांच्या आयात "एंट्री लेव्हल" माल्टपेक्षा त्याच पैशात हा सौदा उजवा आहे.

भरती-ओहोटी

अवांतर: हल्ली "स्कॉचचं अख्खं पीप विकत घ्या, दहा वर्षांत तिप्पट" अशा जाहिराती फोनवर येतात. त्यात अर्थ आहे का?

तिरफळ

हात जोडून दुरून नमस्कार. पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागा: पीप कुठल्या गोदामात आहे, गोदामाच्या वहीत मालक म्हणून कोणाचं नाव आहे (त्यासाठी डिलिव्हरी ऑर्डर लागते, विक्रेत्याचं सोनेरी कडांचं प्रमाणपत्र चालत नाही), आणि आत आत्ता किती लिटर, किती टक्क्यांचं आहे याचा ताजा मोजमाप अहवाल. तो नसेल तर गळकं पीपही गळ्यात पडू शकतं. बाटल्या भरायच्या ठरवल्या तर ड्यूटीचा विचार करा: २०० लिटर ५७ टक्के म्हणजे ११४ लिटर शुद्ध अल्कोहोल, २०२५ च्या दराने सुमारे ३,७४० पौंड, वर व्हॅट, वर बाटल्या आणि भरणावळ. जाहिरातीत हे सहसा नसतं.

खारी बिस्किट

कास्क स्ट्रेंथ घेतली तर पाणी किती घालायचं? अंदाजे घातलं की एकदा जाळते, एकदा पचपचीत होते.

चौथी सीट

सूत्र: पेग × बाटलीचे टक्के ÷ हवे ते टक्के. ३० मिली, ५८ टक्के, हवे ४६: ३० × ५८ ÷ ४६ = ३७.८. म्हणजे ८ मिली पाणी, दीड चहाचा चमचा. ५० हवे असतील तर ५ मिली, बरोबर एक चमचा. आधी ५० वर चाखा, मग उतरवा. पाणी क्लोरीनच्या वासाचं नको, बोअरचं नको. धुरकट झालं तर घाबरू नका, वर लिहिलेले तेच एस्टर आहेत. बर्फ टाकायचा असेल तर मात्र कास्क स्ट्रेंथचे पैसे कशाला घालवायचे?

अंगतपंगत

शेवटचं. बहीण लंडनहून येतेय, तिला ७०० मिलीच्या तीन बाटल्या सांगू का?

तिरफळ

दोन सांगा. करमुक्त मर्यादा माणशी २ लिटर, तीन बाटल्या म्हणजे २.१. शंभर मिलीसाठी काउंटरवर उभं राहावं लागेल. दोन ७०० आणि एक ५०० मिलीची असं बसतं, १.९ लिटर होतं. काही स्वतंत्र बॉटलर (डिस्टिलरीकडून पिपं घेऊन स्वतःच्या नावाने भरणारे) ५०० मिलीत भरतात, तसं मिळालं तर बघा. ७०० मिलीच्या दोन्ही बाटल्या ४६ टक्क्यांच्या वरच्या घ्या, कारण मर्यादा लिटरवर आहे, टक्क्यांवर नाही. विमानात ७० टक्क्यांच्या वरची बाटली नेता येत नाही, पण कास्क स्ट्रेंथ क्वचितच ६५ च्या पुढे जाते. चेक-इन बॅगेत टाका, बुचाभोवती क्लिंग फिल्म गुंडाळा, आणि दुकानाची पावती बाटलीजवळ नको, हातातल्या पर्समध्ये.